भोपळ्यांची सावली

आणि वर मलाच विचारतात, "किरुजा, जाळी कसली विकलीस रे?" अहो, कसली म्हणजे... चांगली विकली. हिरवी, घट्ट विणीची, दोघांनी दोन बाजूंनी ओढली तर दोघांचे खांदे निखळावेत पण जाळी जागची हलू नये अशी विकली. आणि विकताना सांगितलं. गुंडाळी मोटरसायकलवर चढवून दोरी आवळेपर्यंत सांगत होतो, की वहिनी, ही जाळी तुमच्या रोपांना उन्हापासून राखेल, पण हिला उन्हापासून कोण राखणार ते आधी ठरवा. पण या न्कुबूच्या बाजारात सांगितलेलं ऐकण्याची पद्धत असती तर मी दुकान कशाला... बसा ना, उभे का? नाही नाही, त्या पोत्यावर नको. ते दारात उन्हात पडलेलं असतं. दिसतं धडधाकट, तुम्ही बसाल आणि घेवडा सगळा रस्त्यावर. कालच्याच बाजाराला एक गृहस्थ आले, घरून आणलेलं रिकामं पोतं, म्हणाले यातच भरून दे, माझं पोतं मजबूत आहे, तीन वर्षं कुंपणावर टाकलेलं आहे. मी म्हटलं, कुंपणावर? ते म्हणाले, हो, उन्हात, वाळवी लागू नये म्हणून. मी भरलं. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये हे मी पहिल्या वर्षीच शिकलो. त्यांनी बसथांब्यापाशी पोतं उचललं, तर हातात पोत्याचे नुसते दोन कान. बाकीचं पोतं खाली तसंच बसलेलं, आणि मग हळूच, लाजल्यासारखं, फाटलं. थांब्यावरच्या सगळ्या कोंबड्यांना त्या दिवशी नाताळ.

ऊन काही बोलत नाही, तुम्हाला सांगतो. पाऊस येतो तो पत्र्यावर बोंबलत येतो. वारा शिट्या मारतो. वाळवी, एवढीशी वाळवी, तीसुद्धा कान लावला तर कुरकुरते. ऊन नुसतं बसून असतं. सासरच्या बड्या माणसासारखं. सगळं बघतं, हूं की चूं करत नाही, आणि तुम्हाला वाटतं प्रसन्न आहे.

मी हे कुठल्या शाळेत शिकलो नाही. वर या कधीतरी, दुकानाच्या पत्र्यावर मी चिंध्या खिळून ठेवल्यात. विकायला येणाऱ्या प्रत्येक जाळीची, प्रत्येक कापडाची, दोरीची, एकेक चिंधी. आमच्या रस्त्यावरचे लोक म्हणतात किरुजा करणी करतो, म्हणून त्याचं दुकान चालतं. करणी नाही हो, मी दर बाजाराच्या दिवशी वर चढतो आणि प्रत्येक चिंधी दोन बोटांत चोळतो. चोळल्यावर बोटं स्वच्छ राहिली तर माल चांगला. बोटाला रंगाची पूड लागली, खडू चोळल्यासारखी, की समजायचं, ऊन आत शिरलं. मग ती चिंधी दिसायला कितीही हिरवीगार असो, मेलेली आहे, फक्त तिला कुणी सांगितलेलं नाही. त्या चिंध्यांनी मला एक गोष्ट शिकवली. पत्र्याला जिथे चिंधी टेकते ना, तिथे ती आधी मरते. वाऱ्यावर लोंबकळणारं टोक दोन-दोन वर्षं ठणठणीत, आणि पत्र्याला चिकटलेली बाजू पापडासारखी. वरून ऊन, खालून तापलेलं लोखंड. भाकरी दोन्ही बाजूंनी भाजते तशी.

म्हणून मी जाळी विकताना सांगतो, जाळी ज्या लोखंडी पाइपांवर ताणता त्या पाइपांना पांढरा रंग द्या. ऊन परतवून लावा. पांढरा नसेल तर जाळी जिथे पाइपला टेकते तिथे मध्ये जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा. आणि काहीही करा, तेलकट असलं काही लावू नका, डांबर तर नकोच नको. बस. एवढंच. याला काही डॉक्टर लागत नाही.

कागेंदो वहिनींना हे सगळं पाठ होतं. वहिनी म्हणजे गिकुंडीची बायको, गिकुंडी माझ्या वर्गातला, आता मोम्बासाला ट्रक चालवतो, सणाला येतो आणि सणभर झोपतो. इथलं सगळं ती बघते. बाईच्या हाताला काय गुण आहे सांगू, अवोकाडोचं कलम बांधते तर वाटतं झाड जन्मतःच तसं होतं. आमच्या टेकडीवरच्या बायकांचा गट आहे, पुढारी आपली ती मुकामी, आवाज असा की ती बाजारात नमस्कार करते आणि चर्चमध्ये आमेन म्हणतात. या सगळ्यांना वहिनींनी पटवलं होतं, की बायांनो, ही म्हातारी कॉफी किती वर्षं कुरवाळत बसणार, उपटा, अवोकाडो लावा, कलमं मी देते. आणि बायांनी उपटली. टेकडी अशी भादरून काढली जशी काही शाळेच्या पहिल्या दिवशीची पोरं. खड्डे खणले, शेणखत भरलं, आणि मार्चअखेरच्या मोठ्या पावसाची आणि वहिनींच्या कलमांची वाट बघत बसल्या. म्हणजे बघा, त्या जाळीखाली नुसती रोपं नव्हती हो. अख्ख्या टेकडीचे रिकामे खड्डे एका बाईच्या शब्दावर तोंड वासून बसलेले. आणि आमच्याकडचं दुपारचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, सावली भिऊन पायाखाली लपते. कोवळं कलम त्या उन्हात दोन दुपारी उघडं राहिलं की त्याचं सरपण.

आता सासरे. मिमन्यारा आजोबा. पंचातले म्हातारे, शब्दाला वजन, हातात गाईच्या शेपटीचा चामर, आणि निवृत्त माणसाला असते तेवढी कामाची हौस. वाईट माणूस नाही, तुम्हाला सांगतो. वाईट माणसाच्या हातून एवढं नुकसान झालंच नसतं, त्याला पहिल्या दिवशीच हाकललं असतं. आजोबा सुनेसाठी जीव टाकतात. सुनेचं काही राहायला नको म्हणून पहाटे उठून शोधतात, काय राहिलंय.

तर गिकुंडीच्या मामाने कुठल्या तरी रस्त्याच्या कामावरून डांबराचा एक डबा आणून दिला. काळं, चकाकतं. आजोबांनी ते बघितलं, मग सुनेचे पाइप बघितले, पाइपांवर गंजाचा एवढुसा ठिपका बघितला. संपलं. वहिनी बाजारातून परत येईपर्यंत सगळे खांब, सगळे आडवे पाइप काळे कुळकुळीत. आजोबा शेजारी स्टुलावर बसलेले, हातापायांना डांबर, चेहऱ्यावर असा आनंद की जणू नातू झाला.

तुम्ही म्हणाल, मग सुनेनं सांगायचं नाही का? कसं सांगणार? आमच्यात सून सासऱ्यापुढे तोंड उघडते का? त्याचं नाव घेत नाही, त्याच्या वाटेत उभी राहत नाही, आणि अंगाला तर तिचं बोटसुद्धा लागायचं नाही. लागलं तर म्हातारे बसवा, बोकड कापा, शुद्धी करा, आणि त्यानंतर जन्मभर आजूबाजूच्या बायकांना पाणवठ्यावर विषय. एरवी असल्या वेळी सासू मध्ये असते, सून सासूला सांगते, सासू चुलीजवळ दोन भांडी आपटते, म्हाताऱ्याला कळतं. पण सासूबाई वारल्या त्याला चार वर्षं झाली. मग मध्ये कोण? शेळी.

हसू नका, खरंच शेळी. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, इथे लेकही नाही म्हणून शेळीवर भागवलेलं. दारात बांधलेली असते, पांढरी, एका कानाची. वहिनी तिला चारा टाकताना मोठ्यानं म्हणायच्या, "काय गं शेळे, काळं लोखंड उन्हात किती तापतं, हात लावून बघितलंस का?" आणि आजोबा आंबिलीचा वाडगा घेऊन पलीकडे बसलेले, तेही शेळीलाच म्हणायचे, "शेळे, तिला सांग, गंज माणसाला विचारून येत नाही." वहिनी म्हणायच्या, "शेळे, जाळी जळेल." आजोबा म्हणायचे, "शेळे, जळायला काय ती पोळी आहे?" आणि शेळी बिचारी एकदा इकडे बघते, एकदा तिकडे. मी पंचायतीत एवढे तंटे बघितले, पण इतका न्यायी चेहरा नाही बघितला कुणाचा.

शेवटी वहिनी दुकानात आल्या. म्हणाल्या, "किरुजाभाऊ, तुम्ही सांगा. तुम्ही पुरुष आहात, तुमचं ऐकतील." मी गेलो. पांढऱ्या रंगाचा डबा बरोबर घेऊन गेलो. चहा झाला, आजोबांनी माझ्या वडिलांची चौकशी केली, वडील वारल्याचं मी सांगितलं, मग वडिलांच्या गुरांची चौकशी केली, तीही गेल्याचं सांगितलं, दुसरा चहा झाला. मग मी हळूच म्हटलं, "आजोबा, ते पाइप..."

"छान झालेत ना?"

"छानच झालेत. पण काळ्या लोखंडावर जाळी भाजते. ऊन जाळी खातं, आजोबा."

आजोबा गप्प झाले. डोळे बारीक करून जाळीकडे बघत राहिले. मला वाटलं, पटलं. तुम्हाला सांगतो, गिऱ्हाईक असं गप्प झालं ना की धंदेवाल्यानं तिथून उठून जावं, कारण त्याच्या डोक्यात काहीतरी उगवत असतं.

"ऊन जाळी खातं," आजोबा म्हणाले. "म्हणजे जाळी रोपांवर सावली धरते, पण जाळीवर सावली धरायला कुणी नाही."

"तसंच म्हणा," मी म्हटलं. खूश झालो हो मी. म्हटलं, म्हाताऱ्याची काय समज आहे.

"म्हणजे जाळीला सावली पाहिजे."

"पाइपांना पांढरा रंग पाहिजे," मी म्हटलं.

"जाळीला सावली पाहिजे," आजोबा म्हणाले, आणि माझ्या पांढऱ्या डब्याचं झाकण लावून, वरून एक चापट मारून, डबा माझ्या मांडीवर ठेवला.

ऑक्टोबरचा लहान पाऊस पडला आणि आजोबांनी प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी भोपळा पेरला.

आता यात चूक कुठे आहे ते शोधून दाखवा मला. मी पत्र्यावर बसून विचार केला, चिंध्या चोळत चोळत. वेल जाळीवर चढला, पानं केवढी, ताटाएवढी, त्यांच्याखालच्या जाळीला ऊन लागणार नाही, खरं आहे. जाळी टिकेल, खरं आहे. भोपळेही खायला मिळतील. सगळं खरं. फक्त जाळी ज्या पाइपांना बांधली आहे त्या पाइपांवर वेल टिकत नाही, डांबर भाजतं ना, वेल तिथून तोंड फिरवतो. म्हणजे मधली सगळी जाळी सावलीत, ठणठणीत, वर भोपळे वाढताहेत, आणि कडेची ती एक ओळ, फक्त जिथून सगळं लटकलंय ती ओळ, रोज दुपारी भाजली जातेय. नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं मी. इथे नाकच गळायला आलं आणि मोती रोज वाढतोय.

ऊन काही बोलत नाही.

नाताळात गेलो तेव्हा भोपळे नारळाएवढे. वहिनी कलमांना पाणी घालत होत्या, मान जरा खाली घालून. सवयच लागली होती बाईला, मान खाली घालून चालायची. मी एका पाइपजवळ बोट लावलं आणि चोळलं. हिरवी पूड. वहिनींना बोट दाखवलं. त्यांनी मला कलमांची पानं दाखवली. खांबांच्या ओळीखाली ज्या पिशव्या होत्या त्यांच्या पानांवर हिरवट धूळ, ओळीनं, अगदी फूटपट्टीनं आखल्यासारखी. आजोबा ओल्या फडक्यानं ती पानं पुसत होते. म्हणाले, "परागकण आहेत, किरुजा. भोपळ्याला बहर आलाय." मी म्हटलं, "आजोबा, भोपळ्याचे पराग पिवळे असतात." ते म्हणाले, "या भोपळ्याचे हिरवे आहेत." आता पंचातला माणूस म्हणाला हिरवे, म्हणजे हिरवे.

मार्चच्या मध्यावर गेलो. भोपळे आता... कसं सांगू, त्या शेळीएवढे नाही, पण शेळी त्यांच्याकडे आदरानं बघत होती एवढे. जाळी जागोजागी पोटासारखी खाली आलेली, एकेका पोटात एकेक भोपळा. आणि भर दुपारी, वारा नाही, पान हलत नाही, आजोबा स्टुलावर पेंगताहेत, तेव्हा मी ऐकलं. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पलीकडच्या कोपऱ्यात, टिक. घड्याळ बिघडल्यावर वाजतं तसं. मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "दुपारीच होतं. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. जानेवारीपासून ऐकतेय." मी विचारलं, "किती वेळा?" तर म्हणाल्या, "आधी मोजायचे. आता मोजत नाही."

मी म्हटलं, वहिनी, भोपळे तोडून टाका. त्या म्हणाल्या, "त्यांनी लावलेत. त्यांच्या देखत सुनेनं तोडायचे?" आणि लगेच शेळीकडे वळून मोठ्यानं, "शेळे, पिकलेला भोपळा वेळेवर उतरवावा, नाहीतर तो आपला आपण उतरतो." पलीकडून, डोळे न उघडता, आजोबा, "शेळे, भोपळा बियाण्याचा आहे. बियाण्याचा भोपळा वेलावरच पिकवतात. तिच्या सासूनं शिकवलं नाही वाटतं." झालं. सासूचं नाव निघालं की वहिनी गप्प.

कलमं हलवावीत म्हटलं तर हलवणार कुठे? सावली तेवढी एकच. आणि पाऊस जवळ आलेला, घोडामैदान समोर. वहिनी म्हणाल्या, "दोन आठवडे, किरुजाभाऊ. दोन आठवडे टिकली तर कलमं बायांच्या खड्ड्यांत जातील, मग पडू दे काय पडायचं ते." मी मान डोलावली. दुकानात आल्यावर पत्र्यावर चढून त्याच जाळीची चिंधी चोळायला गेलो, तर चिंधी नव्हतीच. नुसता खिळा.

आणि मग तो दिवस. कलमं न्यायचा. मी खास गेलो होतो, पांढरा रंग घेऊन, दोर घेऊन, म्हटलं बायांनी कलमं उचलली की निदान खांबांना आधार देऊ. पोचलो तेव्हा बाया आधीच आलेल्या, गाणं म्हणत टेकडी चढून, नवे लेसो, म्हणजे झग्यावरून गुंडाळायची ती रंगीत कापडं, कमरेला, डोक्यावर टोपल्या. मुकामी पुढे. आणि मी तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणाले, "कलमं अशीच न्यायची? बिनआशीर्वादाची?"

बाया म्हणाल्या, छे छे, अशी कशी.

आणि आशीर्वाद कुठे द्यायचा? बाहेर ऊन. आजोबा म्हणाले, "सावलीत या सगळ्या."

अख्खा गट, एकीमागून एक, वाकून त्या जाळीखाली शिरला. उभ्या राहिल्या कलमांच्या वाफ्यांमध्ये, खांद्याला खांदा लावून. प्रत्येकीच्या डोक्यावर वीतभर अंतरावर एकेक भोपळा. मुकामीच्या डोक्यावर तर दोन. मुकामीनं वर बघितलं आणि म्हणाली, "काय गं बाई भोपळे, आजोबांचा हातगुण." मी ओरडलो, "बाहेर या सगळ्या, जाळी गेलीय." मुकामी म्हणाली, "किरुजा, आशीर्वाद चाललाय, दुकान नंतर लाव." बाया हसल्या. मी पाइपकडे बोट दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, "रंग छान दिलाय."

आजोबांनी दुधाचा तुंबा घेतला. आमच्यात आशीर्वाद म्हणजे थोरल्यानं दूध तोंडात धरायचं, चांगलं चिंतायचं, आणि फुर्रकन सगळ्यांवर शिंपडायचं. आणि चिंतन चालू असताना बोलायचं नाही कुणी, माशी हाकलायची नाही. आजोबांनी गाल भरून दूध घेतलं, डोळे मिटले. टेकडीवर अशी शांतता झाली की... टिक.

टिक टिक.

बायांना ऐकू आलं असेल की नाही, देव जाणे. वहिनींना आलं. त्या कडेला उभ्या होत्या, कलमाची पिशवी हातात. मी त्यांच्याकडे बघत होतो. पुढे झालं ते बघा मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, अगदी नीट, कलम कलणार नाही अशी. सरळ चालत गेल्या, बायांना बाजूला सारत, आणि सासऱ्याचं मनगट धरलं.

मनगट. सासऱ्याचं. सगळ्या गावादेखत.

आणि ओढलं. आजोबांचे डोळे उघडले ते असे उघडले की मी घाबरलो. बोलता तर येईना, तोंडात दूध. थुंकावं तर आशीर्वाद सुनेच्या अंगावर जाणार, गिळावं तर आशीर्वाद पोटात जाणार, गाल असे टम्म फुगलेले आणि पाय मातीत रेघा ओढताहेत, आणि वहिनी मागे न बघता ओढतच आहेत. पहिल्यांदा त्या बाईनं सासऱ्याशी थेट बोललेलं मी ऐकलं, आणि काय बोलली? "चला." एवढंच.

आणि बाया? बाया बाहेर आल्या हो. जाळीच्या भीतीनं नाही. एवढी मोठी गोष्ट घडली आणि ती शेवटपर्यंत बघायची नाही? मुकामी सगळ्यात आधी पळाली, "अगं कागेंदो, वेड लागलं का, सोड, सोड त्यांना," आणि तिच्यामागे सगळ्या, ढकलाढकली करत, टोपल्या टाकून, कुणाला काही बघायचं राहायला नको म्हणून. मी ओरडलो तेव्हा एक हलली नाही. सुनेनं सासऱ्याला हात लावला, सगळ्या बाहेर.

शेवटची म्हातारी बाहेर आली, लंगडत, "काय झालं, मला दिसलं नाही" म्हणत. आणि कोपऱ्यातल्या खांबापासून सुरुवात झाली. वारा नाही काही नाही. शिवण उसवावी तशी, त्या काळ्या पाइपावरून, सरळ, शांतपणे, पुढे पुढे पुढे... आणि मग सगळंच. वेल, पानं, भोपळे, सगळं एकदम खाली. आवाज असा आला की खालच्या रस्त्यावर बस थांबली. नंतर बराच वेळ एक भोपळा उतारावरून गडगडत गेला, सगळ्या बाया त्याच्याकडे बघत होत्या.

आजोबांनी दूध गिळलं.

मग म्हणाले, "फुटले का?"

भोपळ्यांचं विचारत होते. वहिनींनी मनगट सोडलं, आणि त्या कलमांकडे धावल्या. अर्धी गेली होती, तुम्हाला सांगतो. नीट बांधलेली, जपलेली, मोडून पडलेली. आणि उरलेली अर्धी उघडी, वर दुपार, झाडाझुडपाची सावली कुठे नाही, कारण टेकडी यांनीच तर भादरलेली. वहिनी मातीत बसल्या आणि हातांनी दोन कलमांवर सावली धरली. दोन हातांत दोनच मावतात ना.

मुकामी बघत उभी होती. मग तिनं कमरेचा लेसो सोडला, म्हणाली, "खड्डे तिच्या सांगण्यावर खणले, सावलीही तिच्या सांगण्यावर धरू. ए, उभ्या काय राहिल्यात, सोडा." आणि सगळ्यांनी नवे लेसो सोडले. दोघी दोघींनी टोकं धरली आणि ऊन उतरेपर्यंत त्या कलमांवर कापड धरून उभ्या राहिल्या. हात बदलत, शिव्या घालत, सासरे या विषयावर इतकं काही बोलत की आजोबा उठून शेळीपाशी जाऊन बसले. संध्याकाळी जगलेली कलमं वाटून घेतली. टेकडीवर अर्धे खड्डे भरले. उरलेल्या अर्ध्यांत अधूनमधून कोणाची तरी शेरडं पडतात, पण एकीनंही वहिनींना वावगा शब्द काढला नाही. पुढच्या मोसमाची कलमं बांधून तयार होताहेत, पाइप पांढरे आहेत, मी स्वतः जाऊन रंगवले.

पंच बसलेच. सुनेनं हात लावला म्हणजे लावला, जीव वाचला हा वेगळा विषय, तो त्यांच्या कक्षेत नाही. बोकड वहिनींनाच द्यावा लागला. म्हाताऱ्यांनी विधी केला, मटण खाल्लं, आणि मग आजोबांना विचारलं, तुमचं काही म्हणणं? आजोबा शेळीकडे वळले. म्हणाले, "शेळे, सुनेला सांग, तिची पकड फार घट्ट आहे." मनगट चोळलं. "कलमं बांधणारीची असायचीच." वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी भांडी आपटली. दोनदा. पण मला वाटतं, रागानं नाही.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी ढिगाऱ्यातून आजोबांनी जाळीचा एक तुकडा ओढून काढला होता, मधला, भोपळ्याच्या पानांखालचा. माझ्या हातात दिला, म्हणाले, "ओढ." मी ओढला. नवाकोरा. म्हणाले, "चोळ." चोळला. बोट स्वच्छ. "भोपळ्याखालची जाळी बघ, किरुजा. एक धागा गेलेला नाही." मी म्हटलं, "आणि पाइपाजवळची?" ते म्हणाले, "ती पाइपांनी खाल्ली. पाइप कुणी विकले?" आता पाइपही माझ्याच दुकानातले, हे खरं.

तो तुकडा घेऊन आजोबा अख्ख्या इलाख्यात फिरले. लग्नाला जातील तिथे तुकडा, मयताला जातील तिथे तुकडा. "ओढा," म्हणतात. लोक ओढतात. फाटत नाही. आता पंचातला माणूस, हातात पुरावा. तुम्ही या टेकडीवरून त्या टेकडीवर बघा जरा, जिथे जिथे शेडनेट आहे तिथे वेल चढलाय. आणि गंज नको म्हणून पाइप सगळे काळे. माझ्या दुकानात लोक येतात ते जाळीबरोबर भोपळ्याचं बी मागतात. मी आधी नाही म्हणालो. समजावलं. पत्र्यावर नेऊन चिंध्या दाखवल्या, तो खिळा दाखवला. ते म्हणाले, "करणी करतोस ते खरं तर." मग ठेवलं बी. काय करणार?

चर्चच्या अंगणात नवी जाळी लागली, बाकांवर, प्रार्थनेला सावली हवी म्हणून. पाद्रीबुवांना मी पांढऱ्या रंगाचे दोन डबे फुकट पाठवले, पाया पडून निरोप पाठवला की एवढं तरी लावा. लावला हो. एवढं ऐकलं त्यांनी माझं. उन्हानं करपू नयेत म्हणून सगळे भोपळे पांढरे रंगवलेत. काळ्या पाइपांत पांढरे भोपळे, लांबून काय सुंदर दिसतात. डबे दिले म्हणून रविवारी मला मानानं पुढच्या बाकावर बसवतात, अगदी मधोमध. ऊन काही बोलत नाही, आणि तिथे मीही बोलत नाही. पाद्रीबुवा म्हणतात, डोळे मिटा. मी एकच मिटतो.